साहेबाची ठेव

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या वडिलांना मुलाबद्दल दोन गोष्टी कळल्या होत्या. मुलगा खडकीला लष्कराच्या एका कचेरीत कारकून आहे ही एक, आणि मुलाच्या घरात मोटरसायकल उभी आहे ही दुसरी. पहिली मुलाकडच्यांनी सांगितली. दुसरी वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि मग पहिलीकडे त्यांनी फारसं लक्षच दिलं नाही. सासवडला परत आल्यावर ते आईला म्हणाले, "विलायती गाडी आहे. टाकीवर सोनेरी रेघ आहे." मुलगा दिसायला कसा आहे, हे आईनं दोनदा विचारलं. त्यांना सांगता येईना. रेघ किती जाड आहे ते मात्र सांगता आलं.

इंग्रजांना जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. पुण्यात ज्याच्याकडे सायकल नाही तो एकतर फार म्हातारा नाहीतर फार श्रीमंत, असे ते दिवस. त्यात मोटरसायकल म्हणजे काय ते विचारूच नका. मी सासवडची मुलगी, शुक्रवार पेठेत लग्न होऊन आले ती डोक्यात एकच चित्र घेऊन, की मी मागच्या गादीवर बसले आहे, पदर कमरेला खोचला आहे आणि आम्ही दिवे घाट चढून आईला भेटायला निघालो आहोत. अठरा वर्षांची होते मी. त्या वयात माणसाला घाट सोपे वाटतात.

आठवडाभर वाट पाहिली. मग एका संध्याकाळी धीर करून यांना विचारलं, "आपण गाडीवरून कधी जायचं?"

यांनी हातातल्या वर्तमानपत्राच्या चार घड्या केल्या. मी नवीन होते, मला माहीत नव्हतं. पुढे सवयीनं कळलं, की पेपराच्या चार घड्या झाल्या म्हणजे आता तत्त्व येतंय.

"ही गाडी आपली नाही," हे म्हणाले.

मग मला हकिकत सांगण्यात आली. कचेरीत यांच्यावर एक गोरा साहेब होता. भला माणूस. सत्तेचाळीस साली तो मायदेशी निघाला तेव्हा बोटीत मोटरसायकलला जागा मिळेना. त्यानं यांना बोलावून सांगितलं, मी परत येईपर्यंत सांभाळ. यांनी शब्द दिला. बस्स, एवढंच.

"परत येणार आहेत का ते?"

"तसं म्हणाले होते."

"कधी?"

"ते त्यांच्या सोयीनं," हे म्हणाले आणि पेपर उलगडला.

आमच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत आम्ही दोघं, चूल, भांडी आणि संसार. बाहेरच्या खोलीत साहेबाची मोटरसायकल. तिला जास्त उजेड होता. पाव्हणे आले की भिंतीला पाठ लावून एका ओळीत बसायचे आणि त्यांचे गुडघे पुढच्या चाकाला टेकायचे. हँडलला टोपी अडकवायला बंदी होती. एका मामेसासऱ्यांनी एकदा चुकून अडकवली, तर यांनी ती उचलून मुकाट त्यांच्या हातात दिली. मामा पुन्हा आले नाहीत. तेवढा एक फायदा झाला.

मोटरसायकल सुंदर होती, खोटं कशाला बोलू. काळी, लांबुळकी, पुढच्या चाकावर दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि मध्ये एक जाडजूड स्प्रिंग. गिअर पायात नव्हता, टाकीच्या उजव्या अंगाला दांडा होता, तो हातानं ओढायचा. हँडलवर इतके छोटे छोटे खटके होते, की चालवायला साहेबाला किती हात असतील असा प्रश्न पडावा. इंग्रजांनी ही गाडी दोन लढायांच्या मधल्या काळात बनवली, असं हे सांगत. म्हणजे लढाई नसताना त्यांना एवढा वेळ होता. गल्लीतले लोक तिला फटफटी म्हणायचे, आणि हे प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायचे, "मोटरसायकल."

आता ठेवीचे नियम ऐका. टायर एका जागी दबू नये म्हणून रोज चाक पाव फेरा फिरवायचं. आठवड्यातून एकदा मऊ सुती कापडानं पुसायची. मऊ सुती कापड म्हणजे माझं लुगडं. आणि ते पुरेसं जुनं झालं की नाही, ते मी नाही, हे ठरवणार. सरकारचा टॅक्स दर वर्षी वेळेवर भरायचा. तो यांच्या पगारातून, कारण ठेव सांभाळणाऱ्यानं मालकाचं नुकसान होऊ द्यायचं नसतं. आणि दर रविवारी सकाळी नऊ वाजता गाडी बोळात काढून, स्टँडवर उभी करून, दहा मिनिटं चालू ठेवायची. चालवायची नाही, फक्त चालू ठेवायची.

त्यासाठी नाना पेठेतून मिस्त्री यायचे. मुसलमान गृहस्थ, यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, बोटं कायम काळी आणि सदरा कायम पांढरा. त्यांच्या वडिलांपासून कॅम्पातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मोटरसायकली दुरुस्त करायचा धंदा. त्यांची मराठी इतकी स्वच्छ, की मी सासवडकडची त्यांच्यापुढे बोलायला कचरायचे. यांना ते "भाऊसाहेब" म्हणत आणि मला "वहिनी". आल्या आल्या पेट्रोलची चावी उघडायची, कार्ब्युरेटरचं बटण दाबून पेट्रोल ओघळू द्यायचं, हँडलवरचा एक खटका मागे घ्यायचा, मग किक. तो खटका मागे घ्यायचा राहिला, तर किक उलटी येते आणि घोटा मोडतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. किक मिस्त्रींनीच मारायची. हे हातात घड्याळ घेऊन दोन पावलं लांब उभे राहायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही मारत? तर म्हणाले, दुसऱ्याची वस्तू जाणत्या माणसाच्याच हातात द्यावी. मला पटलं. तेव्हा मला फार लवकर पटायचं.

दहा मिनिटं ती मोटरसायकल जागच्या जागी सुसाट जायची. सगळ्या बोळात धूर. वरच्या मजल्यावरच्या काकू वाळत घातलेले कपडे ओढून घ्यायच्या. मग हे घड्याळ बघून हात वर करायचे, मिस्त्री बंद करायचे, आणि चार टाळकी जमलेली असत ती पांगायची. वर्षानुवर्षं हे पाहायला येणारी माणसं होती. पुण्यात रविवारी सकाळी दुसरं काय असतं म्हणा.

दसऱ्याला सगळ्या गावाच्या गाड्यांना हार-कुंकू. आमच्या गाडीला फक्त हार. कुंकू नाही, कारण मालक ख्रिस्ती, त्याच्या वस्तूला आपण परस्पर कुंकू लावणं बरोबर नाही. झेंडूला धर्म नसतो, असा निकाल यांनी स्वतःच देऊन टाकला होता. आणि मग नाताळला साहेबाच्या वतीनं काहीतरी व्हायला नको का, म्हणून हे कॅम्पातल्या बेकरीतून केक आणायचे. तो गाडीपुढे पाच मिनिटं ठेवायचा आणि मग आम्ही खायचा. नैवेद्यच तो, दुसरं काय. मी हसून हसून लोळायचे, आतल्या खोलीत जाऊन.

नातेवाइकांनी गाडी मागून पाहिलीच. धाकट्या दिरांना एका मित्राच्या वरातीला हवी होती. हे म्हणाले, "मालकांची परवानगी नाही."

"मालक आहेत कुठं?"

"इंग्लंडात."

"मग त्यांना कळणार कसं?"

"मला कळेल ना," हे म्हणाले.

या एका वाक्यावर आमचं नाव पेठेत झालं. लोक ते एकमेकांना सांगायचे. गावाला जाताना माणसं घराच्या किल्ल्या आमच्याकडे ठेवू लागली. एका बाईनं आपल्या पाटल्या ठेवल्या आणि सुनेला सांगितलं, की त्या माणसाकडे आहेत, म्हणजे देवाजवळच आहेत. मी यांची चेष्टा करायचे, पण मंडईत कुणी "त्या मोटरसायकलवाल्यांच्या मंडळी ना तुम्ही" म्हणालं, की मान जरा ताठ व्हायची. सासवडला आईसुद्धा शेजारणींना सांगायची, जावई शब्दाचा पक्का आहे. गाडीवरून मला भेटायला कधी आला नाही, हे ती सांगायची नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. रविवार होता, नऊ वाजून गेले होते, गाडी बोळात चालू होती आणि हे घड्याळ धरून उभे होते. तेवढ्यात आमचे सासवडचे शेजारी बोळात शिरले. सकाळच्या पहिल्या एसटीनं आले होते. पहाटे आईच्या छातीत कळ आली, डॉक्टर म्हणतात मुलीला बोलवून घ्या. एवढंच त्यांनी सांगितलं, आणि तेही ओरडून, कारण मोटरसायकल चालू होती.

मी तिथंच बोळात उभी होते. हाताला कणीक होती. मिस्त्रींनी गाडी बंद केली नाही. ते यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, वहिनींना मी सोडतो सासवडला. तासाभरात पोचतील. गाडी आज मस्त आहे, कुठं थांबणार नाही."

मी यांच्याकडे बघितलं. यांच्या हातात ते घड्याळ होतं. हे बराच वेळ घड्याळाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "नाही. दुसऱ्याची वस्तू आहे. शब्द दिलाय."

मिस्त्री म्हणाले, "भाऊसाहेब, साहेब असते तर त्यांनी स्वतः पाठवलं असतं."

"साहेब नाहीत ना इथं," हे म्हणाले. आणि हात वर केला. दहा मिनिटं झाली होती.

मिस्त्रींनी गाडी बंद केली. त्यांनी यांच्याकडे एकदा पाहिलं. मला तेव्हा वाटलं, की ते आश्चर्यानं बघतायत, माणूस एवढा सच्चा असू शकतो म्हणून.

मी भांडले नाही. मला आता त्याचंच जास्त वाईट वाटतं. मी हात धुतले, लुगडं बदललं आणि आम्ही टांगा करून स्वारगेटला गेलो. सासवडची गाडी अकराला लागली. साडेदहाची का सुटली नाही, हे खिडकीतल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, सुटली नाही म्हणून. हडपसरला भाजीच्या पाट्या चढल्या. दिवे घाटाच्या मध्यावर गाडी तापली आणि कंडक्टर डबा घेऊन पाणी शोधायला गेला. उतारू खाली उतरून बिड्या ओढत बसले. मी कठड्यापाशी उभी होते. हे माझ्या शेजारी उभे होते. एकही शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटलं हे किती सोसतायत.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. आई एकच्या सुमाराला गेली होती. मावशी म्हणाली, "दोनदा विचारलं गं तिनं, आली का म्हणून. तिसऱ्यांदा नाही विचारलं."

माझा इतका संताप झाला, की मला रडूच येईना. दहाला मी तिथं असते. तीन तास मला आई मिळाली असती. मी तिचा हात धरून बसले असते, तिला पाणी पाजलं असतं, काहीबाही बोलले असते. तीन तास थोडे नसतात. मी महिनाभर यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि आत निघून जायचे.

पण आमच्या गावाची तऱ्हाच न्यारी. आईच्या तेराव्याला आलेल्या आमच्याच नातेवाइकांनी यांचं कौतुक केलं. एक चुलते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सासू शेवटच्या घटका मोजत होती, पण पठ्ठ्यानं शब्द मोडला नाही. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, पोरी." पेठेतही हेच. जो तो येऊन आधी मला दुखवटा द्यायचा आणि लगेच यांचा हात हातात घ्यायचा. मी काय करणार होते? त्याच घरात जन्म काढायचा होता. राग नुसता गिळता येत नाही, सोबत काहीतरी लागतं. मी अभिमान घेतला. स्वतःला सांगितलं, की माझी आई अशीतशी नाही मुकली मला. एका खऱ्या माणसाच्या खऱ्या शब्दापायी मुकली. हे मी इतक्या वेळा सांगितलं, की पुढे ते मला खरंच पटलं. आमच्या मुलीला, ती मोठी झाल्यावर, मी तिच्या आजीची गोष्ट अशीच सांगितली.

वर्षं गेली. आम्ही कोथरूडला सोसायटीत राहायला गेलो. मोटरसायकल हातगाडीवरून आली, मिस्त्री अख्खा रस्ता हातगाडीबरोबर चालत. सोसायटीच्या वाहनांच्या तक्त्यात "मालकाचं नाव" या रकान्यात यांनी काहीच लिहिलं नाही. सेक्रेटरींनी हरकत घेतली. परक्याचं वाहन आवारात ठेवायचं तर मालकाचं ना-हरकत पत्र हवं. हे म्हणाले, आलं की देतो. सेक्रेटरीही पुण्याचेच, त्यांनी दर सभेच्या इतिवृत्तात "विलायतेहून पत्र अद्याप अप्राप्त" असं अकरा वर्षं लिहिलं.

नंतर मिस्त्री गेले. त्यांच्या मयतीला हे गेले होते आणि परत आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. रविवारची किक बंद झाली. जाणता माणूस उरला नाही, हे म्हणाले. गाडीवर ताडपत्री आली.

हे निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी धायरीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. वडिलोपार्जित शेती होती. शेतात ज्वारीऐवजी इमारती यायला लागल्यापासून त्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद लागला होता. दिलदार माणूस, हातात दोन अंगठ्या, मोकळा आवाज. ताडपत्री उचलून त्यांनी गाडीला नमस्कारच केला.

"काका, ही गाडी मला द्या. पोरीवानी जपीन. तुम्ही म्हणाल तसं करू."

यांनी हातातल्या पेपराच्या चार घड्या केल्या. "मालक यायचे आहेत," हे म्हणाले.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीच्या सवयीनं सगळी हकिकत सांगितली, साहेब, बोट, शब्द. सांगताना माझा गळा दाटून येतो तिथं आलासुद्धा. ते ऐकून गृहस्थांचे डोळे भरले. म्हणाले, "काकू, अशी माणसं आता राहिली न्हाईत. पण साहेब आता जित्ता असंल का? त्याची पोरंबाळं असतील. माझा मेव्हणा आरटीओत हाय. जुनं रजिस्टर काढून साहेबाचं नाव-पत्ता शोधतो आन् तिकडं पत्र धाडतो. त्यांनी हो म्हटलं तर द्याल का?"

"कशाला उगीच त्रास," हे म्हणाले.

"त्रास कसला? पुण्याचं काम हाय."

हे आणखी एकदा नको म्हणाले. मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, संकोच.

आठव्या दिवशी गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे. सरकारी कचेरीत जुना कागद सापडला, हाच मुळात चमत्कार. त्यांनी पुडा माझ्या हातात दिला आणि हसत म्हणाले, "काका, तुम्ही पण कमालच करता. गाडी तुमच्याच नावावर हाय की. साहेबानं जातानाच सही करून तुमच्या नावावर चढवली. हे बघा, नक्कल आणलीय." आणि त्यांनी तो कागद टीपॉयवर ठेवला.

त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, की काकांच्या लक्षात राहिलं नसेल. म्हातारपण आहे. मी चहा केला. त्यांना पेढा दिला, यांना दिला, मीही घेतला. गृहस्थ गेल्यावर मी चष्मा लावून कागद वाचला. यांचं नाव, वडिलांचं नाव, शुक्रवार पेठेचा पत्ता. माझ्या लग्नाच्या पाच वर्षं आधीची तारीख.

गाडी पुढे धायरीला गेली. ते सांगण्यासारखं फारसं नाही. मी एकदा "घेऊन जा" म्हणाले आणि यांनी कागदावर सही केली, एवढंच.

पण त्या दुपारी मी कागद पुढे ठेवून बसले होते आणि हे खिडकीकडे तोंड करून. मी म्हटलं, "बोला." मग हे बोलले. साहेबानं गाडी यांना भेट म्हणून दिली होती. हे हरखून गेले. मिस्त्रींना घेऊन रेसकोर्सच्या मागच्या मैदानावर शिकायला गेले. पहिल्याच दिवशी किक उलटी आली आणि पाय सुजला. दुसऱ्या रविवारी गाडी पुढे गेली आणि यांना थांबवता येईना, कुंपणात जाऊन पडले. तिसऱ्या रविवारी गाडीवर बसल्यावर हात इतके थरथरायला लागले, की मिस्त्रींनीच यांना धरून उतरवलं. चौथ्या रविवारी हे गेले नाहीत. पण तोवर कचेरीत, पेठेत, भावाबहिणींत सगळ्यांना कळलं होतं, की याला साहेबाची मोटरसायकल मिळाली. जो तो विचारायचा, कधी फिरवतोस? एकदा कुणापुढे तरी यांच्या तोंडातून निघून गेलं, की अरे ती माझी नाही, साहेबाची ठेव आहे. समोरचा एकदम गप्प झाला. यांना बरं वाटलं. मग तेच सांगत गेले.

"मिस्त्रींना माहीत होतं?"

"सगळं."

"मग त्या दिवशी ते न्यायला तयार होते. तुम्हाला चालवायची नव्हती. हातसुद्धा लावायचा नव्हता."

यांनी डोळे मिटले. म्हणाले, "मिस्त्री घेऊन गेले असते तर तू विचारलं असतंस, तुम्ही का नाही नेलंत म्हणून. सगळ्यांनीच विचारलं असतं."

"मला सांगायचं होतंत," मी म्हटलं. "की मला भीती वाटते."

"कसं सांगणार?" हे म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "तू हसली असतीस."

मी विचार केला. या माणसाशी खोटं बोलण्यात आता काही अर्थ नव्हता.

"हसले असते," मी म्हटलं. "पोटभर हसले असते. आणि मग मिस्त्रींच्या मागे बसून गेले असते. आई भेटली असती मला."